लंडनमध्ये 'नटक्रॅकर' पाहायचाय? तिकिटापासून परतीच्या ट्रेनपर्यंत सगळं

डिसेंबरात लंडनला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी सांगते, एक संध्याकाळ 'नटक्रॅकर' या बॅलेसाठी, म्हणजे शब्दांविना नाचातून सांगितलेल्या गोष्टीसाठी, मोकळी ठेवा. त्यावर ठरलेली तीन उत्तरं येतात. बॅलेतलं आपल्याला काय कळणार, तिकिटं परवडायची नाहीत आणि तिथे म्हणे सुटाबुटातच जावं लागतं. या तिन्ही शंका मनातून काढून टाका. माणसं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी: तिकीट नक्की कुठून काढायचं, स्वस्त जागा स्वस्त का असते, ऐन वेळी कार्ड का नाकारलं जातं, नाताळच्या दिवशी ट्रेन असते का.

मी हा बॅले रॉयल ऑपेरा हाउसमध्ये दोनदा पाहिला. पहिल्यांदा एकटीने, ऑफिसच्या कामानिमित्त गेले होते तेव्हा. दुसऱ्यांदा एकाहत्तर वर्षांची आई आणि नऊ वर्षांची लेक बरोबर होत्या. पहिल्या वेळी बऱ्याच गोष्टी चुकल्या आणि दुसऱ्या वेळी त्या सुधारल्या. तुम्हाला थेट दुसऱ्या वेळेसारखं जाता यावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. घरूनच गोष्ट समजून घ्या

नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडायचं साधन, आपल्या अडकित्त्याच्या कुळातलं. युरोपात ते लाकडी शिपायाच्या रूपात करतात. शिपायाच्या जबड्यात अक्रोड ठेवायचा आणि पाठीमागची दांडी दाबायची. नाताळच्या आदल्या रात्री क्लारा नावाच्या मुलीला असा एक शिपाई भेट मिळतो. मध्यरात्री घरातलं नाताळचं झाड वाढत वाढत प्रचंड होतं, उंदरांचं सैन्य चाल करून येतं आणि खेळण्यातले शिपाई त्याच्याशी लढतात. क्लारा ऐन वेळी मदतीला धावून उंदरांच्या राजाला हरवते. मग शिपायाचा देखणा तरुण होतो आणि दोघं बर्फाच्या प्रदेशातून मिठायांच्या राज्यात जातात. दुसऱ्या अंकात गोष्ट जवळजवळ थांबते आणि एकामागून एक नाच सुरू होतात.

मूळ कथा जर्मन लेखक हॉफमन याची, १८१६ सालची. तिचं फ्रेंच रूपांतर अलेक्झांडर द्यूमाने केलं आणि त्यावरून रशियात हा बॅले उभा राहिला. संगीत रशियन संगीतकार चायकॉव्स्कीचं. पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात झाला. तेव्हाच्या समीक्षकांना तो फारसा रुचला नव्हता.

या बॅलेचं लंडनशी नातंही जुनं आहे. रशियाबाहेर तो पूर्ण स्वरूपात पहिल्यांदा लंडनमध्येच, सॅडलर्स वेल्स थिएटरात, १९३४ साली झाला. निकोलस सर्गेयेव हा रशियन नृत्यदिग्दर्शक देश सोडताना नाचांची लिखित टिपणं बरोबर घेऊन आला होता. त्यांवरून तो प्रयोग बसवला गेला आणि त्यात अलिशिया मार्कोव्हा नाचली. ज्या मंडळीने तो केला, तिचीच पुढे रॉयल बॅले झाली.

मुलं बरोबर असतील तर गोष्ट त्यांना विमानातच सांगून टाका. रंगमंचावर एक शब्दही बोलला जात नाही. गोष्ट माहीत असलेलं मूल पुढे काय होणार याची वाट पाहत बसतं. माहीत नसलेलं मूल दर दोन मिनिटांनी कानाशी येऊन विचारतं आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहतात.

२. कोणता प्रयोग, कुठे आणि कधी

लंडनमध्ये दोन मोठे पर्याय आहेत.

पहिला रॉयल बॅलेचा, कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये. हा पीटर राइट यांनी १९८४ साली बसवलेला. जुन्या जर्मन घरातला नाताळ, ड्रॉसेलमायर नावाचा जादूगार आणि शापाने अक्रोडफोड्या झालेला त्याचा पुतण्या हान्स-पीटर हा या प्रयोगाचा गाभा. शेवट या आवृत्तीचा स्वतःचा आहे, तो मी सांगत नाही. हा प्रयोग दर वर्षी असतोच असं नाही. काही वर्षी नाताळात 'सिंड्रेला' लावतात. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या हंगामाचं वेळापत्रक पाहा.

दुसरा इंग्लिश नॅशनल बॅलेचा, लंडन कोलिझियममध्ये. ही मंडळी १९५०पासून दर वर्षी कोणता ना कोणता 'नटक्रॅकर' करत आली आहे. तिच्या संस्थापकांत पुन्हा तीच अलिशिया मार्कोव्हा. २०२४मध्ये त्यांनी नवा प्रयोग उभा केला. कोलिझियम हे वेस्ट एंडमधलं, म्हणजे लंडनच्या थिएटरांच्या भागातलं, सर्वांत मोठं थिएटर, त्यामुळे तारखा आणि जागा दोन्ही जास्त मिळतात. रॉयल ऑपेरा हाउसचं जमलं नाही तर हताश होऊ नका, इकडे पाहा.

तारीख निवडताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पोहोचलात त्याच दिवशीचं तिकीट काढू नका. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथे साडेसातचा प्रयोग सुरू होतो तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचा १ वाजलेला असतो. बर्फाचा नाच सुरू असताना माझ्या शेजारचे एक काका गाढ झोपले होते. बहुधा त्याच दिवशी उतरले असावेत. मध्ये निदान दोन रात्री जाऊ द्या.

ज्येष्ठ किंवा लहान मुलं असतील तर दुपारचा प्रयोग घ्या. डिसेंबरात लंडनला चारच्या आतच अंधारतं, त्यामुळे बाहेर आल्यावर रोषणाईही पाहून होते आणि जेवायच्या वेळेला मुक्कामी पोहोचता येतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २५ डिसेंबरला लंडनमध्ये मेट्रो नाही, बस नाही, रेल्वे नाही. दिवाळी म्हटलं की आपल्याकडे रस्ते फुललेले असतात, म्हणून हे आपल्या डोक्यातच येत नाही. २४ला संध्याकाळी गाड्या लवकर थांबू लागतात आणि २६लाही सेवा तुटपुंजी असते. लंडनबाहेर, नातेवाइकांकडे उतरला असाल तर २४ आणि २६ या तारखा सरळ टाळा.

३. व्हिसा आधी की तिकीट आधी?

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो. चांगली तिकिटं त्याच्याही आधी विक्रीला येतात. म्हणजे व्हिसा हातात नसताना तिकिटात पैसे घालायचे का, हा प्रश्न येतोच.

मी हे असं सोडवलं. तिकिटाचे नियम आधी वाचले, म्हणजे पैसे परत मिळतात का आणि तारीख बदलता येते का, ते. मग पूर्ण रक्कम बुडाली तरी सोसेल एवढ्याच किमतीच्या जागा घेतल्या. तुमची तेवढी तयारी नसेल तर व्हिसा येईपर्यंत थांबा. पुढच्या मुद्द्यात सांगितलेला शुक्रवारचा मार्ग तेव्हा उपयोगी पडतो. व्हिसाच्या अर्जासाठी बॅलेचं तिकीट लागत नाही, कोणी एजंट तसं म्हणाला तरी.

४. तिकीट काढणं: घड्याळ, कार्ड आणि मधले लोक

फक्त थिएटरच्या किंवा त्या बॅले मंडळीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तिकीट काढा. रॉयल ऑपेरा हाउसची संस्था २०२४पासून 'रॉयल बॅले अँड ऑपेरा' या नावाने ओळखली जाते, त्यामुळे नवं नाव पाहून दचकू नका. शोध घेतल्यावर सगळ्यांत वर दिसतात त्या बऱ्याचदा जाहिराती. पहिल्या खेपेला मी घाईत अशाच एका पुनर्विक्रीच्या साइटवर गेले. जागेचा क्रमांक दाखवला नाही, फक्त 'वरचा मजला' असं लिहिलं होतं, आणि शेवटच्या पानावर शुल्क धरून रक्कम जवळजवळ दुप्पट झाली. तिथूनच मागे फिरले. लक्षात ठेवा, रांग आणि खुर्चीचा क्रमांक दिसल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

विक्री सुरू होण्याची वेळ लंडनची असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा, एरवी साडेपाच. म्हणजे विक्री सकाळी १० वाजता खुली होणार असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा. गर्दी असली की साइट तुम्हाला आभासी रांगेत उभं करते. तेव्हा पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसू नका.

कार्डाचं आधी पाहून ठेवा. आपली बरीच कार्डं मुळात देशातल्या व्यवहारांपुरतीच चालू असतात. आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. माझं कार्ड यामुळेच नाकारलं गेलं. मी अ‍ॅपमध्ये ते बटण शोधत होते तोवर टोपलीत निवडून ठेवलेल्या जागा सुटून गेल्या. परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी हिशेबात धरा. लंडनला पोहोचल्यावर तिकीट काढणार असाल तर ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, म्हणून ते सिम काढून ठेवू नका. निदान एसएमएसपुरतं रोमिंग चालू ठेवा.

सगळं विकलं गेलेलं दिसलं तरी आशा सोडू नका. रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 'फ्रायडे रश' नावाची सोय आहे. दर शुक्रवारी दुपारी १ वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाला, पुढच्या आठवड्यातल्या प्रयोगांसाठी राखून ठेवलेली काही तिकिटं ऑनलाइन सोडतात. शिवाय लोकांनी परत केलेली तिकिटं अधूनमधून उगवतात. आमची तीन तिकिटं अशीच मिळाली. रोज सकाळच्या चहाबरोबर मी साइट उघडायचे आणि एका मंगळवारी एकाच रांगेतल्या तीन खुर्च्या रिकाम्या दिसल्या.

मुलांच्या वयाचा नियम पैसे भरण्याआधी वाचा. पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्या थिएटरांत सहसा आत घेत नाहीत, मांडीवर बसवून नेण्याची सोय तर नाहीच. प्रत्येक मुलाला स्वतंत्र तिकीट लागतं.

५. जागा कोणती घ्यावी: इथे घाई करू नका

रॉयल ऑपेरा हाउस घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे. खाली ऑर्केस्ट्रा स्टॉल्स, भोवती स्टॉल्स सर्कल, वर ग्रँड टियर, त्यावर बाल्कनी आणि सर्वांत वर अ‍ॅम्फिथिएटर. सगळ्यांत वरच्या कडेच्या जागांना 'स्लिप्स' म्हणतात. काही ठिकाणी उभ्याने पाहायच्या जागाही असतात. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त तिकिटांत कितीतरी पटींचा फरक असतो.

नाटकाला आपण पुढची रांग मागतो, कारण नटाचा चेहरा दिसायला हवा. बॅलेचं तसं नाही, आणि ही गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती. बर्फाच्या नाचात पांढऱ्या पोशाखातल्या नर्तकी रांगा मोडतात, गोल करतात, पुन्हा जुळतात. ही सगळी रांगोळी जमिनीवर काढल्यासारखी असते आणि ती वरूनच दिसते. खालच्या पहिल्या रांगांतून फक्त जवळचे पाय आणि पुढच्या माणसाचं डोकं दिसतं. म्हणून माझं ठाम मत: पैसे मर्यादित असतील तर अ‍ॅम्फिथिएटरच्या पुढच्या, मधल्या जागा घ्या. चेहऱ्यांसाठी छोटी दुर्बीण बरोबर न्या.

आता 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू', म्हणजे रंगमंच अर्धवट दिसणारी जागा, या शब्दांबद्दल. ते तिकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं आणि खरं असतं. नालेच्या आकारामुळे कडेला बसलेल्याला आपल्याच बाजूचा रंगमंच दिसत नाही. पहिल्या वेळी मी स्वस्तात मिळतं म्हणून अगदी कडेची जागा घेतली. पहिला अंकभर कठड्यावर ओणवी होऊन पाहत होते आणि तरीही जवळजवळ तिसरा हिस्सा दिसला नाही. मान दुखली ती निराळीच. त्यापेक्षा पूर्ण रंगमंच दिसणारी मागची, लांबची जागा केव्हाही बरी. संकेतस्थळावर बऱ्याच जागांवरून रंगमंच कसा दिसतो त्याचे फोटो असतात. ते उघडून बघा.

उभ्याने पाहायचं तिकीट तरुण आणि एकट्या माणसाला चालेल. मध्यंतर धरून सव्वादोन तासांच्या आसपास प्रयोग चालतो आणि त्याआधी तुम्ही दिवसभर लंडन पायी तुडवलेलं असतं, हे विसरू नका.

गुडघ्यांचा त्रास असणारं कोणी बरोबर असेल तर अ‍ॅम्फिथिएटरचा विचार सांभाळून करा. वरपर्यंत सरकता जिना आणि लिफ्ट आहे. पण आतल्या रांगांचा उतार उभा आहे आणि पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीपर्यंत जावं लागतं. आईसाठी मी फोन करून विचारलं, कमीत कमी पायऱ्यांची रांग कोणती. पलीकडच्या बाईंनी शांतपणे नकाशा पाहून सांगितलं. विचारायला अजिबात संकोच करू नका.

६. बरोबर काय काय हवं

- पासपोर्ट आणि व्हिसाचा पुरावा. मूळ पासपोर्ट मुक्कामी सुरक्षित ठेवून फोटो जवळ ठेवला तरी संध्याकाळपुरतं भागतं.
- ई-तिकीट फोनमध्ये उतरवून घेतलेलं, शिवाय त्याचा स्क्रीनशॉट. थिएटरच्या दारात नेट दगा देतं.
- ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड.
- सवलतीचं तिकीट असेल तर विद्यार्थी ओळखपत्र किंवा वयाचा पुरावा.
- प्रत्येक मोठ्या माणसासाठी मेट्रोचं स्वतंत्र कार्ड, ऑयस्टर किंवा स्पर्शाने चालणारं बँकेचं. एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर मेट्रोत फुकट.
- छोटी दुर्बीण, चष्मा, रोजची औषधं.
- फोनची चार्जिंग बँक. थंडीत बॅटरी लवकर उतरते.

मोठी बॅग, ट्रॉली, खरेदीच्या पिशव्या हे सगळं मुक्कामी ठेवून या. दारात बॅगा तपासतात आणि मोठं सामान आत नेऊ देत नाहीत. विमानतळावरून थेट थिएटरला जायचा बेत म्हणूनच फसतो.

७. कपडे

पोशाखाचा नियम नाही. जीन्स घातलेले लोक भरपूर दिसतात, नटूनथटून आलेलेही दिसतात. आईने इरकली नेसली होती, आतून थर्मल, पायांत लोकरी मोजे आणि साधे बूट. मध्यंतरात दोन अनोळखी आजीबाई मुद्दाम येऊन पदराचं कौतुक करून गेल्या. साडी नेसायची हौस असेल तर नेसा, फक्त निऱ्या बोटभर वर ठेवा. रस्ते ओले असतात आणि सरकत्या जिन्यावर काठ अडकू शकतो. आत चांगलंच उबदार असतं, म्हणून कोट काढल्यावर बरं दिसेल आणि बरं वाटेल असं काही आत घाला. कोट क्लोकरूममध्ये द्या, मांडीवर घेऊन बसू नका.

८. थिएटरपर्यंत

जवळचं स्टेशन कॉव्हेंट गार्डन, पिकॅडिली लाइनवर. त्याला सरकते जिने नाहीत, लिफ्ट आहेत. लिफ्टपाशी गर्दी पाहून "चला, जिन्याने जाऊ" असं कोणी म्हणालं तर थांबवा. तो गोल जिना १९३ पायऱ्यांचा आहे. डिसेंबरच्या संध्याकाळी मी तरी अलीकडे लेस्टर स्क्वेअरला किंवा पलीकडे होबर्नला उतरते आणि चालत जाते. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे मेट्रोच्या जाळ्यातलं सर्वांत कमी अंतर, पायी काही मिनिटांचं. वाटेत पिआझातलं, म्हणजे तिथल्या चौकातलं, मोठं नाताळचं झाडही दिसतं.

किमान पाऊण तास आधी पोहोचा. तिसरी घंटा झाल्यावरही आपल्याकडे माणसं अंधारात मोबाइलचा उजेड पाडत खुर्ची शोधतात. इथे तसं चालत नाही. पडदा उघडला की दार बंद, आणि उशिरा आलेल्याला मध्ये योग्य विराम येईपर्यंत बाहेर थांबावं लागतं. ते थांबणं मध्यंतरापर्यंतही लांबू शकतं. तसं झालं तर झाडही गेलं, उंदीरही गेले आणि बर्फही गेलं.

९. आत गेल्यावर

आधी कोट द्या, मग स्वच्छतागृह, मग खुर्ची. मध्यंतर एकच असतं आणि बायकांच्या रांगा लांबच लांब लागतात. मध्यंतरातलं खाणं-पिणं प्रयोगाआधीच सांगून पैसे भरून ठेवता येतं. वेळ झाली की ठरलेल्या ठिकाणी तुमच्या नावाने मांडलेलं असतं. शाकाहारी असाल तर पर्याय मोजके असतात, म्हणून पोटभर खाऊनच जा. घरची चकली-चिवडा आत काढू नका, कुरकुर आवाज शांततेत चार रांगा ऐकू जातो.

लहान मुलाला समोरचं दिसत नसेल तर कर्मचाऱ्यांकडे उशी मागून बघा. फोन बंद, नुसता आवाज बंद करून भागत नाही. फोनच्या पडद्याचा उजेडही मागच्यांच्या डोळ्यांत जातो. प्रयोग चालू असताना फोटो नाही, चित्रीकरण नाही.

टाळ्या कधी वाजवायच्या, हे आईने पहिल्यांदा विचारलं. उत्तर सोपं आहे: एखादा नाच संपून नर्तक थांबले, वाकले, की वाजवा. संगीत चालू असताना अवघड उडीलाही लोक टाळ्या देतात. नाट्यसंगीतात तान संपताच दाद जाते, तसंच. वाद्यवृंदाचा संचालक येतो तेव्हाही टाळ्या असतात.

१०. काय पाहायचं, काय ऐकायचं

सुरुवातीचं वादन ऐका. त्यात चेलो आणि डबल बास ही खर्जाची तंतुवाद्यं चायकॉव्स्कीने घेतलेलीच नाहीत. म्हणून ते इतकं हलकं, खेळण्यातल्यासारखं वाटतं. पडदा उघडण्यापूर्वीच मुलांचं जग सुरू झालेलं असतं.

पहिल्या अंकातल्या मेजवानीत नाच कमी आणि अभिनय जास्त. इथे कंटाळू नका. रंगमंचावरची मुलं रॉयल बॅले स्कूलची विद्यार्थी असतात. त्यांतलं एकेक निवडून पाहत राहा, प्रत्येकाचं काही ना काही चाललेलं असतं.

झाड वाढतं तेव्हा संगीतही पायरी पायरीने चढत जातं, थांबेल असं वाटतं आणि पुन्हा चढतं. माझ्या लेकीने तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. बर्फाच्या नाचात एकाएकी मुलांच्या गळ्यातले सूर येतात, शब्द नसलेले, नुसता 'आ'कार. त्यानंतर मध्यंतर.

दुसऱ्या अंकात हान्स-पीटर मिठायांच्या राज्यातल्या साखरपरीला उंदरांशी झालेल्या लढाईची हकिगत नुसत्या हातांनी सांगतो. कथकातली गतभाव पाहिलेल्याला हे सांगायला नको. आई भरभर मला समजावत होती, "हे बघ, तो राजा मोठा होता म्हणतोय, हिने वाचवलं म्हणतोय." बॅलेतलं कळणार नाही म्हणून ती यायलाच तयार नव्हती.

मग स्पॅनिश, अरबी, चिनी, रशियन असे नाच येतात. अरबी म्हणवणाऱ्या नाचाची चाल मुळात जॉर्जियातल्या एका अंगाईची आहे. तो संथ, झोपाळलेला डोल त्यातूनच आलेला.

शेवटाकडे साखरपरी आणि तिचा राजपुत्र यांचा जोडीचा नाच. हार्पच्या मागोमाग चेलो येतात आणि काय वाजवतात? वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंतचा सरळ अवरोह. सां, नी, ध, प, म, ग, रे, सा. सगळे स्वर शुद्ध, एकही वाकडं वळण नाही. बिलावलचा जो अवरोह पेटीवर पहिल्या महिन्यात शिकवतात, तोच. आईने तरुणपणी गाणं शिकलं होतं. तिने मांडीवर बोटं टेकून स्वर मोजले आणि शेवटच्या सा वर मान हलवली. ही रचना चालू होती त्याच काळात, १८९१च्या वसंतात, चायकॉव्स्कीची लाडकी बहीण वारली होती. एवढ्या साध्या अवरोहात इतकं दुःख कुठून येतं, याचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथे मिळालं.

थोडं पुढे साखरपरीचा एकटीचा नाच आणि ते प्रसिद्ध किणकिणतं वाद्य, सेलेस्टा. दिसायला छोट्या पियानोसारखं, पण आत हातोड्या धातूच्या पट्ट्यांवर पडतात. आवाज जलतरंगाच्या जवळचा. पॅरिसमध्ये १८८६ साली ते तयार झालं. चायकॉव्स्कीने ते तिथे ऐकलं आणि आपल्या प्रकाशकाला लिहिलं की हे मागव, पण गुपचूप, दुसऱ्या संगीतकारांना सुगावा लागता कामा नये. अ‍ॅम्फिथिएटरात बसला असाल तर दुर्बीण क्षणभर रंगमंचावरून वाद्यवृंदाच्या खड्ड्याकडे वळवा आणि तो वादक शोधा. माझ्या लेकीला सापडला आणि त्यानंतर तिला तेच वाद्य शिकायचं आहे.

जाण्याआधी घरी फक्त तीन तुकडे ऐकून ठेवा: फुलांचा वॉल्ट्झ, साखरपरीचा नाच आणि हा जोडीचा नाच. अनोळखी गर्दीत ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटतं.

११. तिकीट मिळालंच नाही तर

रॉयल बॅलेचा 'नटक्रॅकर' बऱ्याच हंगामांत चित्रपटगृहांत थेट दाखवतात, ब्रिटनभर आणि बाहेरही. वाद्यवृंदाचा प्रत्यक्ष आवाज तिथे नाही, पण चेहरे आणि पावलं थिएटरातल्यापेक्षा जवळून दिसतात. किंमत मोजकी आणि वयाची अट सैल. लंडनबाहेर राहणाऱ्या नातेवाइकांकडे उतरला असाल तर हा पर्याय आधी तपासा.

१२. बाहेर पडताना

पडदा पडल्यावर लगेच उठू नका. सगळे नर्तक पुन्हा पुन्हा येऊन वाकतात, संचालकही येतो. याच वेळी आजूबाजूचे लोक फोन बाहेर काढताना दिसतील. कर्मचारी अडवत नसतील तर तुम्हीही एखादा फोटो घ्या.

क्लोकरूमची रांग लांबलचक असते. आम्ही आईला जवळच्या बाकावर बसवलं, लेकीला तिच्यापाशी ठेवलं आणि मी एकटी तिन्ही कोट आणायला गेले. बाहेर पडण्यापूर्वीच मफलर, टोपी, हातमोजे घाला, दाराबाहेर उभं राहून घालू नका. कॉव्हेंट गार्डन स्टेशनसमोर गर्दी तुंबलेली असेल, तिकडे वळूच नका. होबर्नच्या दिशेने चालायला लागा. दहा-बारा मिनिटं लागतात, तिथे सरकते जिने आहेत, आणि पिकॅडिली व सेंट्रल या दोन्ही लाइन मिळतात.

परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे मात्र घरून निघतानाच पाहून ठेवा.